बेचाळीस फुटांचे रिंगण : घोडा शिकवणाऱ्यांच्या पोटापाण्याचा इतिहास

१/
घोड्यावर बसता येणे ही एक कला आहे. घोड्याला शिकवता येणे ही दुसरी, आणि पहिलीहून अवघड. परंतु या दोहोंहून अवघड असा एक तिसरा प्रश्न आहे : ही विद्या शिकलेल्या माणसाने पोट कसे भरावे? इंग्लंडमधील एका सुताराच्या मुलापुढे हा प्रश्न १७६६ मध्ये उभा राहिला. कुरुंदवाड संस्थानातील एका अश्वशिक्षकापुढे तो १८७९ मध्ये निराळ्या रूपात आला. दोघांना सापडलेले उत्तर मात्र एकच होते. जग त्या उत्तराला ‘सर्कस’ म्हणते. #इतिहास #थ्रेड

२/
प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. स्वार आणि अश्वशिक्षक हे दोन वेगळे पेशे आहेत. स्वार तयार घोड्यावर बसतो. अश्वशिक्षक कोऱ्या शिंगराला बसण्याजोगा घोडा बनवतो. जुन्या मराठीत या दुसऱ्या माणसासाठी नेमका शब्द होता : चाबुकस्वार. नावात चाबूक असला तरी त्याचे खरे भांडवल चाबूक नव्हते. घोड्याच्या कानांची हालचाल, श्वासाची लय आणि पाठीचा ताण वाचण्याची दृष्टी हे होते. ती दृष्टी यायला वर्षे लागत, आणि ती वर्षे एखाद्या जाणत्या उस्तादाच्या पागेतच काढावी लागत.

३/
मोगल दरबारात या पेशाला निश्चित स्थान होते. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त शाही पागेतील नोकरांची यादी आहे. त्यात सर्वांवर देखरेख करणारा आतबेगी आहे, हिशेब ठेवणारा मुश्रीफ आहे, घोड्यांचा वैद्य, नालबंद आणि सईस आहेत. दृष्ट लागू नये म्हणून हरमलाचे बी जाळून धुरी देणारा नोकरही आहे. याच यादीत चाबुकस्वार येतो. तो घोडे फिरवून त्यांची चाल आणि वेग पारखत असे, आणि मुश्रीफ त्याची नोंद करीत असे. थोडक्यात, घोडा शिकवणे हे राज्याच्या हिशेबवहीत नोंदलेले पद होते.

४/
ही परंपरा मोगलांपुरती नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात घोड्यांची लक्षणे, त्यांची निगा, आणि घोड्यावरून खेळायच्या चेंडूच्या खेळाचेही वर्णन आहे. त्याहून जुनी अशी शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली अश्वविद्या आहे. या नावाची मुळे भाषेत इतकी खोल गेली, की घोड्यांच्या वैद्याला मराठीत ‘सालोत्री’ म्हणू लागले. ऋषीचे नाव पेशाचे नाव झाले.

५/
मराठेशाहीत तर घोडा हाच राज्याचा कणा होता. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू दिसायला डौलदार नसे, पण काटक होते. थोड्या दाण्यावर लांबची मजल मारत असे. अशा हजारो घोड्यांमागे मोतद्दार, नालबंद, सालोत्री आणि चाबुकस्वार यांची मोठी फौज उभी होती. बखरींमध्ये त्यांची नावे क्वचितच येतात. पण त्यांच्यावाचून एकही स्वारी निघाली नसती.

६/
घोडा शिकवण्याची रीत जगभर एका आकृतीभोवती फिरते : वर्तुळ. शिक्षक मध्ये उभा राहतो, हातात लांब दोर असतो, आणि घोडा त्याच्याभोवती फिरतो. आधी पाऊलचाल, मग दुडकी, मग दौड. आधी उजवीकडून, मग डावीकडून. या फेऱ्यांमध्ये घोड्याला तोल कळतो, लय कळते आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाचा आवाज कळतो. ‘कावा’ हा शब्द आज ‘गनिमी कावा’ या जोडशब्दामुळे ओळखीचा आहे. जुन्या घोडेस्वारीच्या भाषेत मात्र कावा देणे म्हणजे घोड्याला असे वर्तुळात फिरवणे.

७/
मारून शिकवलेला घोडा आणि समजावून शिकवलेला घोडा यांतील फरक फार प्राचीन काळापासून ज्ञात आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे, की जबरदस्तीने करून घेतलेली कृती घोड्याला उमगतही नाही आणि पाहणाऱ्याला सुंदरही वाटत नाही. नर्तकाला चाबकाने नाचवले तर ते जसे दिसेल, तसेच ते दिसते. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे मत आजही चांगल्या अश्वशिक्षकांचा पहिला धडा आहे.

८/
युरोपात या विद्येच्या शाळा निघाल्या. इटलीतील नेपल्स हे सोळाव्या शतकात तिचे मोठे केंद्र होते. फेदेरिको ग्रिझोने याचा घोडेस्वारीवरील ग्रंथ १५५० मध्ये छापला गेला. नेपल्समध्ये शिकून परतलेल्या आंत्वान द प्लुविनेल याने फ्रान्सच्या राजांच्या पदरी काम केले आणि पॅरिसमध्ये उमरावांच्या मुलांसाठी अकादमी काढली. व्हिएन्नातील स्पॅनिश रायडिंग स्कूलचा पहिला उल्लेख १५७२ चा आहे. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान होती : शिकणारा उमराव, आणि पैसे देणारा राजा.

९/
म्हणजे भारतात असो वा युरोपात, अश्वशिक्षकाच्या उपजीविकेचा आधार एकच होता, तो म्हणजे आश्रयदाता. राजा, सरदार किंवा फौज. आश्रय असेपर्यंत विद्येला किंमत होती. पण युद्ध संपले, फौज मोडली, सरदाराची पागा विकली गेली, तर काय? दहा वर्षे घालवून मिळवलेली विद्या बाजारात कोणाला विकायची? येथून या कथेतील पहिला माणूस येतो.

१०/
फिलिप ॲस्टली. जन्म १७४२, गाव न्यूकासल-अंडर-लाइम, वडील फर्निचर बनवणारे सुतार. मुलाने रंधा धरावा ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन घोड्यांत. १७५९ मध्ये तो घरातून निघून कर्नल एलियट यांच्या १५व्या लाइट ड्रॅगून्स या नव्या घोडदळात भरती झाला. उंची सहा फुटांहून अधिक, आवाज गडगडाटी, आणि बंडखोर घोडा वठणीवर आणण्याची उपजत हातोटी. फौजेला असाच माणूस हवा होता.

११/
येथे त्याला खरे शिक्षण लाभले. विल्टन येथे लॉर्ड पेंब्रोक यांची घोडेस्वारीची शाळा होती. स्वतः पेंब्रोक घोडे शिकवण्याच्या आणि सैनिकांना स्वारी शिकवण्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिणारे गृहस्थ होते. तेथे डोमेनिको अँजेलो हा इटालियन उस्ताद शिकवत असे. जी विद्या एरवी उमरावांच्या अंगणाबाहेर पडत नसे, ती घोडदळाच्या गरजेमुळे सुताराच्या मुलापर्यंत पोहोचली. विद्येच्या इतिहासात अशा फटी महत्त्वाच्या ठरतात.

१२/
सप्तवार्षिक युद्धात ॲस्टली जर्मनीत लढला. १७६० मधील एम्सडॉर्फच्या लढाईत त्याने शत्रूचे निशाण हस्तगत केल्याची नोंद आहे. १७६३ मध्ये युद्ध संपले. १७६६ मध्ये तो सार्जंट मेजर म्हणून फौजेतून बाहेर पडला. निरोप देताना जनरल एलियट यांनी त्याला एक पांढरा घोडा दिला. पदरी पैसा नाही, जमीन नाही, उमरावाचे कूळ नाही. एक घोडा आणि एक विद्या, एवढेच भांडवल.

१३/
त्याच्यापुढे रूढ मार्ग दोन होते. एखाद्या उमरावाच्या तबेल्यात नोकरी, किंवा घोडेस्वारीची शिकवणी. ॲस्टलीने तिसरा मार्ग पाहिला. लंडनच्या बागांमधून काही स्वार धावत्या घोड्यावर उभे राहून कसरती करीत आणि लोक ते पाहायला पैसे देत. हा खेळ ॲस्टलीने शोधलेला नाही. जेकब बेट्ससारखे स्वार तो आधीपासून करत होते. ॲस्टलीची दूरदृष्टी वेगळी होती. त्याने शिकवणी आणि खेळ एका छताखाली आणले, तेही छत नसताना!

१४/
१७६८ मध्ये त्याने थेम्सच्या दक्षिणेस, लँबेथजवळच्या मोकळ्या मैदानात दोरी बांधून जागा आखली. सकाळी तेथे गिऱ्हाइकांना घोडेस्वारी शिकवायची आणि दुपारी प्रेक्षकांना खेळ दाखवायचे. त्याची पत्नी पॅटी हीसुद्धा कसलेली घोडेस्वार होती आणि खेळांत भाग घेत असे. सकाळची शिकवणी हे स्थिर उत्पन्न. दुपारचा खेळ हा नफा आणि सकाळच्या शिकवणीची जाहिरातही. पुढच्याच वर्षी तो वेस्टमिन्स्टर पुलाजवळच्या अधिक वर्दळीच्या जागेत गेला.

१५/
आता वर्तुळाकडे परत यावे लागते. इतर स्वार सरळ रेषेत घोडा पळवत. प्रेक्षकांसमोरून तो क्षणात निघून जाई. ॲस्टलीने खेळ वर्तुळात बांधला. प्रेक्षकाला घोडा सतत दिसू लागला. शिवाय वर्तुळात पळणारा घोडा आतल्या बाजूस झुकतो. त्याच्या पाठीवर उभा असलेला स्वार त्याच कलाने आत झुकला, तर वेग आणि झुकाव एकमेकांना सावरतात आणि तोल टिकतो. वेग स्थिर राहणे ही मात्र अट. आणि घोड्याचा वेग स्थिर ठेवणे हे अश्वशिक्षकाचे काम.

१६/
रिंगणाचा व्यास प्रयोगांती ४२ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटरांवर, स्थिरावला. याहून लहान वर्तुळात घोड्याला सलग दौडता येत नाही. फार मोठे केले तर मध्ये उभ्या शिक्षकाच्या लांब चाबकाची टोच घोड्यापर्यंत पोहोचत नाही. आज जगातील कोणत्याही मोठ्या सर्कशीचे रिंगण साधारण याच मापाचे असते. झुला, विदूषक, सायकल यांतील कशालाच या मापाची गरज नाही. ते माप घोड्याचे आहे.

१७/
१७७० च्या सुमारास ॲस्टलीच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. केवळ घोडे दाखवून प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत नाही. त्याने दोन खेळांमधल्या वेळेत डोंबारी, दोरावर चालणारे आणि विदूषक आणले. त्याचा बिली नावाचा छोटा घोडा विस्तवावरची किटली उचलून चहाची तयारी करत असे. येथे आधुनिक सर्कशीचा साचा पूर्ण झाला. पण कणा घोड्याचाच होता; बाकी सारे मधल्या वेळेचे होते. हा क्रम पुढे उलटा होणार होता.

१८/
यश मिळताच स्पर्धक आले. चार्ल्स ह्यूज हा त्यांतला प्रमुख. त्याने १७८२ मध्ये जवळच ‘रॉयल सर्कस’ उघडली. म्हणजे ‘सर्कस’ हे नाव ॲस्टलीचे नव्हे, त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे. ह्यूजचा शिष्य जॉन बिल रिकेट्स अमेरिकेत गेला. १७९३ मध्ये फिलाडेल्फियातील त्याच्या सर्कशीला स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन प्रेक्षक म्हणून आले. एका पिढीत ही कल्पना महासागर ओलांडून गेली.

१९/
ॲस्टलीने स्वतः १७८२ मध्ये पॅरिसला रंगशाळा उभारली. लंडनची इमारत १७९४ मध्ये आणि पुन्हा १८०३ मध्ये आगीत भस्मसात झाली. दोन्ही वेळा त्याने ती उभी केली. १७७५ मध्ये आणि पुढे १८०१ मध्ये त्याने घोडेस्वारीवर व अश्वशिक्षणावर पुस्तके छापली. जगाच्या दृष्टीने तो तमाशगीर होता. स्वतःच्या दृष्टीने तो अखेरपर्यंत घोडेस्वारीचा शिक्षकच राहिला. १८१४ मध्ये पॅरिस येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच सुमारास हिंदुस्थानात एक मोठी पागा मोडण्याच्या बेतात होती.

२०/
१८१८ मध्ये पेशवाई संपली. ज्या स्वाऱ्यांसाठी हजारो घोडे तयार ठेवावे लागत, त्या स्वाऱ्याच थांबल्या. संस्थाने उरली, पण त्यांच्या फौजांवर इंग्रजांच्या तहांची मर्यादा आली. १८५७ नंतर ती अधिक आवळली गेली. पागा राहिल्या त्या मुख्यतः मिरवणुकीसाठी, शिकारीसाठी आणि राजाच्या हौसेसाठी. इंग्रजांच्या घोडदळात शिलेदारी पद्धत पुढे बराच काळ टिकली खरी. पण देशी चाबुकस्वाराला जो सन्मान आणि जो व्याप मराठी पागेत होता, तो परत आला नाही.

२१/
तरीही ही विद्या काही ठिकाणी जिवंत राहिली. शिंद्यांचे ग्वाल्हेर हे त्यांतले मोठे ठाणे. तेथे दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या : पागेतली अश्वविद्या आणि दरबारातले ख्यालगायन. दक्षिण महाराष्ट्रातून आलेला विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हा तरुण या दोहोंच्या ओढीने ग्वाल्हेरात राहिला. घोडे शिकवण्याची विद्या त्याने बाबासाहेब आपटे यांच्याकडे घेतली आणि गाणे हद्दूखाँ यांच्याकडे. सकाळ पागेत आणि संध्याकाळ तानपुऱ्यापाशी, असा हा दुहेरी विद्यार्थी.

२२/
वरवर पाहता या दोन विद्यांचा संबंध नाही. खोलवर पाहिले तर आहे. दोन्ही गुरूसमोर बसून, ऐकून, पाहून शिकायच्या. दोन्हींत लय हा पाया. दोन्हींत घाई केली की जन्माचे वळण बिघडते. गळ्याचे असो वा घोड्याचे. आणि दोन्ही विद्या त्या काळी एकाच संकटात होत्या. दोघींना पोसणारे दरबार क्षीण होत चालले होते. गवई आणि चाबुकस्वार दोघेही आश्रय शोधत संस्थानोसंस्थानी हिंडत होते.

२३/
विष्णुपंतांना आश्रय मिळाला तो कुरुंदवाडकर पटवर्धनांचा. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळचे हे छोटे संस्थान. तेथील पागा आणि घोड्यांचे शिक्षण विष्णुपंतांकडे आले. एका अर्थी शिकलेल्या अश्वशिक्षकाने ज्याची इच्छा धरावी, ते सारे त्यांना लाभले होते : घोडे, मान, वेतन आणि विद्येची कदर असलेला धनी. येथे थांबले असते तर त्यांचे नाव एखाद्या संस्थानी दप्तरापलीकडे गेले नसते.

२४/
पण जग जवळ येत होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता रेल्वेने जोडली गेली. आगबोट आणि आगगाडी यांमुळे युरोपातील मोठमोठ्या खेळमंडळ्यांना घोडे, तंबू आणि माणसे घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणे शक्य झाले. ज्युझेप्पे किआरिनी हा इटालियन सर्कसवाला त्यांतला एक. तो मूळचा घोडेस्वार आणि अश्वशिक्षक. त्याची ‘रॉयल इटालियन सर्कस’ अमेरिका खंडापासून आशियापर्यंत फिरली. १८८६ मध्ये ती जपानलाही गेली. १८७९ मध्ये तिचा तंबू मुंबईत पडला.

२५/
कुरुंदवाडकर आणि विष्णुपंत हे खेळ पाहायला मुंबईस आले. त्यानंतरच्या प्रसंगाच्या निरनिराळ्या हकीकती सांगितल्या जातात. त्यांचा गाभा असा : हिंदुस्थानची स्वतःची सर्कस का नाही, असा विषय निघाला, आणि हा देश अद्याप त्या योग्यतेचा झालेला नाही, अशा अर्थाचे उद्गार किआरिनीने काढले. काही हकीकतींत हजार रुपयांची पैजही येते. पैज खरी असो वा मागाहून जोडलेली, बोल लागला हे निश्चित. ग्वाल्हेरच्या पागेत घडलेल्या माणसाला घोड्याविषयी कमीपणा ऐकून घेणे शक्य नव्हते.

२६/
मात्र या प्रसंगाकडे केवळ अभिमानाची गोष्ट म्हणून पाहणे अपुरे ठरेल. किआरिनीच्या तंबूत विष्णुपंतांनी आणखी काही पाहिले असले पाहिजे. जे घोड्यांचे शिक्षण आपल्याकडे एका राजाच्या पगारावर चालते, तेच येथे हजारो माणसांच्या तिकिटांवर चालले आहे. धनी एक नाही, हजार आहेत; आणि एकाने पाठ फिरवली तरी तंबू पुढच्या गावी नेता येतो. दरबार आटत चाललेल्या काळात ही केवढी मोठी वाट होती!

२७/
२० मार्च १८८० ही तारीख भारतीय सर्कशीचा प्रारंभ म्हणून ओळखली जाते. ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. कुरुंदवाडकरांचा पाठिंबा, पागेतील घोडे आणि विष्णुपंतांची विद्या, ही तिची पायाभरणी. आरंभीच्या खेळांत प्रमुख घोडेस्वार स्वतः विष्णुपंत होते. म्हणजे लंडनमध्ये १७६८ मध्ये जे घडले, त्याचीच जणू आवृत्ती येथे निघाली : शिक्षण दुसऱ्याच्या पागेत, आणि त्या शिक्षणावर स्वतःचे रिंगण.

२८/
मग एक प्रथा पडली. विष्णुपंतांमागोमाग देवल, कार्लेकर अशा महाराष्ट्रीय सर्कशी उभ्या राहिल्या आणि सांगली-मिरज-तासगावचा परिसर सर्कसवाल्यांचा मुलूख म्हणून ओळखला जाऊ लागला. विष्णुपंतांच्या सर्कशीची धुरा पुढे बंधू काशिनाथपंतांनीही वाहिली. खेळ देशभर फिरले. पगारदार चाबुकस्वाराच्या जागी आता मालक-अश्वशिक्षक हा नवा माणूस समाजात दिसू लागला. ब्राह्मण घरातला मुलगा तंबूत कसरत करून पोट भरतो, हे त्या काळच्या समाजाला पचवणे सोपे नव्हते.

२९/
ग्वाल्हेरचे ऋण विष्णुपंत विसरले नाहीत. हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ हे असामान्य गवई होते, पण मनाचा तोल ढळून विपन्नावस्थेत भटकत होते. विष्णुपंतांनी त्यांना आपल्या सर्कशीबरोबर सांभाळले आणि त्यांच्या मैफली घडवून आणल्या. ज्यांना पुढे ‘भूगंधर्व’ म्हटले गेले, त्या गवयाचा सूर घोड्यांच्या तंबूच्या आधाराने टिकला. रहिमतखाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच निवर्तले. तिकिटाच्या पैशाने दोन विद्या जगल्या, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

३०/
१८८७ च्या सुमारास सर्कस मलबारातील तेल्लिचेरी, म्हणजे आजच्या तलश्शेरी, येथे गेली. तेथे कीलेरी कुञ्ञिकण्णन हे व्यायाम आणि कळरीचे शिक्षक होते. सर्कशीसाठी कसरतपटू घडवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९०१ मध्ये त्यांनी स्वतंत्र सर्कस-प्रशिक्षणशाळा काढली आणि १९०४ मध्ये त्यांच्या शिष्याने ‘मलबार ग्रँड सर्कस’ सुरू केली. पुढची कित्येक दशके भारतीय सर्कशीतील झुल्यावरची माणसे बहुधा याच गावातून येत राहिली.

३१/
येथे या कथेतील उपरोध दिसू लागतो. तिकिटावर जगणाऱ्याला दरवर्षी नवे काही द्यावे लागते. घोड्याची लय समजायला प्रेक्षकाला थोडी तरी जाण लागते. वाघाच्या डरकाळीला ती लागत नाही. गावोगावी घोडा रोज दिसत होता तेव्हा शिकवलेल्या घोड्याचे कसब लोकांना कळत असे. मोटार आली, टांगे कमी झाले, आणि पाहणाऱ्यालाच घोडा अनोळखी झाला. वाघ, सिंह, हत्ती आणि उंच झुले मध्यभागी आले. ज्या प्राण्याच्या मापाने रिंगण आखले होते, तोच मधल्या वेळेचा खेळ झाला.

३२/
विष्णुपंतांनी हा अंत पाहिला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांचे निधन झाले. पुढे १९९८ मध्ये केंद्र सरकारने वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर बंदी घातली. तंबूंमधील क्रौर्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. तिकिटाच्या घाईने शिकवणीतला संयम खाऊन टाकला होता, हेही त्यामागचे एक कारण. झेनोफनची जुनी सूचना ज्यांनी सोडली, त्यांच्या रिंगणातली प्राण्यांची पावले अखेर थांबली.

३३/
मग घोडा शिकवणारा आज कोठे आहे? त्याचे तीन मार्ग उरले आहेत. पहिला शर्यतीचा : मुंबई-पुण्याच्या शर्यतींत घोडे तयार करणाऱ्यास टर्फ क्लबचा परवाना घ्यावा लागतो, आणि निकाल लागला तरच मालक टिकतो. दुसरा फौजेचा : जयपूरची ६१वी कॅव्हलरी आजही घोड्यांवर आहे. तिसरा क्रीडेचा : १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीत सुवर्ण मिळवले, आणि त्यानंतर ४१ वर्षांनी, २०२३ मध्ये हांगझोऊ येथे, भारतीय संघाने ड्रेसाज प्रकारात पुन्हा सुवर्ण जिंकले. त्या संघात मुंबईचा हृदय छेडाही होता.

३४/
तिन्ही मार्गांचे स्वरूप पाहिले तर जुनेच प्रश्न दिसतात. शर्यतीच्या घोड्याचा मालक हा नवा सरदार आहे. फौज ही फौजच आहे. क्रीडेत लागणारा खर्च इतका मोठा, की घोडा, परदेशी प्रशिक्षण आणि प्रवास यांसाठी पुन्हा आश्रयदाताच शोधावा लागतो. स्वाराचे नाव पदकावर येते. घोड्याला घडवणाऱ्याचे नाव बखरीच्या काळी जसे मागे राहत होते, तसेच आजही बहुधा मागे राहते.

३५/
म्हणूनच ॲस्टली आणि छत्रे यांची कथा केवळ सर्कशीची नाही. विद्या मिळवणे आणि विद्येवर जगणे यांमधली दरी या दोघांनी स्वतःच्या हिमतीने ओलांडली. एकाला फौजेने सोडले होते, दुसऱ्याचा काळ दरबारांना सोडून चालला होता. दोघांनी धन्याची वाट पाहण्याऐवजी प्रेक्षक घडवला. त्याची किंमतही पुढच्या पिढ्यांनी मोजली, कारण प्रेक्षक हाही धनीच असतो, आणि तो राजाहून लवकर कंटाळतो.

३६/
भल्या पहाटे एखाद्या रायडिंग क्लबच्या मैदानात डोकावले तर एक दृश्य आजही दिसते. मातीत उमटलेले एक गोल. मध्ये एक माणूस, हातात लांब दोर. त्याच्याभोवती एक कोरे शिंगरू दुडकी चालीने फिरते आहे. त्याचा आतला कान माणसाकडे वळलेला आहे. तिकीट नाही, टाळ्या नाहीत. कुरुंदवाडच्या पागेत आणि लँबेथच्या मैदानात दिवसाचा आरंभ याच फेरीने होत असे. जुन्या चाबुकस्वाराच्या भाषेत तिचे नाव एकच : कावा.

(समाप्त)